तारखा पडतायत, पण रोजनाम्यात काय लिहिलंय?

प्रश्न : ताई, नवऱ्याने २०२३ च्या शेवटी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाचा अर्ज टाकला. मी मुलाला घेऊन सातारा जिल्ह्यात माहेरी असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये माझ्या वकिलांनी अंतरिम पोटगीचा, म्हणजे केस चालू असेपर्यंतच्या पोटगीचा, अर्ज दिला, तो अजून जिथल्या तिथे आहे. कधी समुपदेशकांकडे तारीख, कधी त्यांचे वकील येत नाहीत, कधी न्यायाधीश रजेवर. पहाटेची एसटी धरायची, पुकारा होईपर्यंत बाकावर बसायचं आणि पुढची तारीख ऐकून परत यायचं. माझे वकील स्वतः क्वचित येतात, ज्युनियरला पाठवतात. त्यांची निम्म्याहून जास्त फी देऊन झाली आहे. नवरा म्हणतो, कंपनीने काढून टाकलं, पैसे कुठून देऊ? मी घरी शिकवण्या घेते, त्याचे महिन्याला चार-पाच हजार मिळतात. वकील म्हणाले, ते शपथपत्रात लिहू नका. आमचे दाजी म्हणतात, कौटुंबिक न्यायालयात वकील लागतच नाही, काढून टाक. वकील बदलू का? की हे सगळं सोडून आपल्या इथेच नवीन केस टाकू?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तिथे पाऊल चुकलं तर नुकसान भरून निघणार नाही. हा अर्ज सोडून नवीन केस टाकू नका.

पोटगी कोणत्या तारखेपासून द्यायची, याबाबत आपल्याकडे पूर्वी एकवाक्यता नव्हती. काही न्यायालयं हुकमाच्या तारखेपासून द्यायची, आणि मग तारखा घेणाऱ्याला मधले सगळे महिने फुकटात मिळायचे. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी 'रजनेश विरुद्ध नेहा' या निकालात हा घोळ मिटवला. पोटगी अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून द्यायची. ते प्रकरण आपल्या नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातलं. एका आईने आणि तिच्या तान्ह्या मुलाने २०१३ मध्ये अंतरिम पोटगी मागितली होती, आणि त्या 'अंतरिम' अर्जाचा शेवट सात वर्षांनी दिल्लीत झाला. तुम्ही जे सोसताय तेच डोळ्यांसमोर ठेवून तो निकाल लिहिला गेला आहे. तुमच्या हातात फेब्रुवारी २०२४ ही तारीख आहे. समोरच्याने ओढलेला एकेक महिना त्याच्या नावावर थकबाकी म्हणून चढतोय. पुण्यातला अर्ज मागे घेऊन साताऱ्यात नवा टाकलात, तर मोजणी नव्या तारखेपासून सुरू होईल आणि मधले महिने हातचे जातील. प्रकरण तुमच्या जिल्ह्यात वर्ग करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जाता येतं, लहान मूल आणि प्रवास ही कारणं तिथे ऐकली जातात. पण त्यालाही वेळ लागतो आणि तोवर पुण्यातलं काम थंडावतं. आधी अंतरिम हुकूम पदरात पाडून घ्या, मग तो विचार करा.

थकबाकी वाढतेय हे ऐकून मुलाची फी भरली जात नाही, हे मलाही कळतं. म्हणून आता पुढच्या तारखेला काय करायचं ते सांगते.

तुमच्या पत्रात 'कधी हे, कधी ते' असं आहे. न्यायालयात त्याचा काही उपयोग नाही. प्रत्येक तारखेला काय झालं त्याची नोंद रोजनाम्यात असते. ई-कोर्ट्सच्या ॲपवर तुमच्या प्रकरणाचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला, की तारखांची यादी आणि बहुतेक ठिकाणी त्या त्या दिवसाची नोंदही दिसते. ती त्रोटक असेल तर नक्कल विभागात अर्ज करून रोजनाम्याची प्रमाणित प्रत काढा. मग एक वही घ्या आणि प्रत्येक तारखेपुढे लिहा, पुढची तारीख कोणामुळे पडली. मी वकिली करत होते तेव्हा माझ्याकडे चिडून आलेल्या बायकांना आधी हेच करायला लावायचे. काही जणींना तेव्हा कळायचं की मुदतीचे अर्ज आपल्याच बाजूने गेलेले आहेत. काहींना कळायचं की सुरुवातीचं निम्मं वर्ष समन्सची बजावणीच झाली नव्हती, बेलिफाचा अहवाल 'पत्त्यावर आढळून आले नाहीत' असा होता आणि नवा पत्ता कोणी दिलाच नव्हता. न्यायाधीश रजेवर होते त्या तारखांवर राग काढू नका, तिथे कोणाचंच काही चालत नाही. समोरच्याने घेतलेल्या तारखा मात्र लाल शाईने लिहा.

कारण त्या तारखांवर बोट ठेवता येतं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खालचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असं कायद्यातच लिहिलं आहे. (सगळा कारभार त्या 'शक्यतो'मधून चालतो, हा भाग वेगळा.) 'रजनेश'च्या निकालाने त्यापुढे जाऊन दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं बंधन घातलं. समोरच्याने आपलं उत्तर आणि शपथपत्र जास्तीत जास्त चार आठवड्यांत द्यायचं. त्यासाठी दोनपेक्षा जास्त तारखा न्यायालयाने देऊ नयेत. तरीही तो मुद्दाम टाळत असेल तर त्याचा बचाव काढून टाकून, समोर आहे त्या कागदांवर निर्णय देता येतो. अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली निघावा, असंही त्यात आहे. हे पाळलं जात नाही म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तेच निर्देश पुन्हा सगळ्या न्यायालयांकडे पाठवावे लागले. समुपदेशन चालू असताना अंतरिम अर्ज थांबवून ठेवावा, असं कायद्यात कुठेही नाही.

वकिलांना एक पानी अर्ज द्यायला सांगा. अमुक तारखेला नोटीस बजावली, अमुक-अमुक तारखांना समोरच्याने मुदत घेतली, शपथपत्र अजून दाखल नाही, सबब बचाव काढून टाकावा किंवा खर्च बसवून शेवटची संधी द्यावी आणि अर्ज युक्तिवादासाठी ठेवावा. सोबत रोजनाम्याची प्रत जोडा. कलम २४ खालीच कोर्टखर्चही मागता येतो, त्यात तुमच्या येण्या-जाण्याचा खर्च घाला, तिकिटं जपून ठेवा. मुलाची फी, पुस्तकं, औषधं यांचे आकडे वेगवेगळे लिहा. 'मुलाचा खर्च' असा एकच मोघम आकडा दिला तर त्याला कात्री लागते.

आता शिकवण्यांचं. ते पैसे शपथपत्रात लिहा, अगदी रुपयासकट. चार-पाच हजार मिळतात म्हणून पोटगी नाकारली जात नाही. बाई कमावते एवढ्या कारणावरून तिचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. पण लपवलेले चार हजार उलटतपासणीत बाहेर आले, तर तुमच्या बाकीच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास उडतो, आणि खोट्या शपथपत्राबद्दल कारवाई मागायला समोरच्याला आयतं निमित्त मिळतं. तुमचे वकील हा सल्ला सहज देऊन गेले असतील, पण सही तुमची आहे. शपथपत्र आधीच दाखल झालं असेल तर दुरुस्तीचं दुसरं द्या, समोरच्याने शोधून काढण्याच्या आत.

हाच नियम नवऱ्यालाही लागू होतो. नोकरी गेली असं नुसतं म्हणून चालत नाही. राजीनामा की नोकरकपात, शेवटचा पगार किती, हिशेब चुकता होताना हातात काय पडलं, याचे कागद मागा. न्यायालयाने त्याला प्राप्तिकराचं विवरणपत्र, फॉर्म २६एएस (त्याच्या नावावर कापलेल्या कराची नोंद) आणि बँकेचे उतारे द्यायला सांगावं, असा अर्ज करता येतो. गरज पडली तर कंपनीकडून पगाराची माहिती मागवता येते. घराचा हप्ता कोण भरतंय? गाडी कुठून चालतेय? नोकरी गेलेल्या माणसाचे हप्ते वेळेवर जात असतील तर ते पैसे कुठून येतात, याचं उत्तर त्यालाच द्यावं लागेल.

वकिलांबद्दल. दाजी अर्धं खरं सांगतायत. कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ च्या कलम १३ प्रमाणे तिथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही; न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा मिळते आणि दोन्हीकडे वकील असतातच. समोर वकील उभा असताना तुम्ही एकट्याने शपथपत्रं, उलटतपासणी आणि युक्तिवाद ओढावेत, असं मी सुचवणार नाही. पण त्या कलमातली एक गोष्ट बायका वापरतच नाहीत. ते न्यायालय मुळात पक्षकाराचं ऐकण्यासाठी आहे. पुकारा झाला की ज्युनियरच्या मागे लपू नका. पुढे या आणि मराठीत सांगा, "माझा पोटगीचा अर्ज फेब्रुवारी २०२४ पासून पडून आहे. समोरच्यांनी शपथपत्र दिलेलं नाही. मी साताऱ्याहून येते, सोबत लहान मुलगा आहे." एवढंच, रडू न आणता, नवऱ्याच्या आईचा उद्धार न करता. बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, उरकायच्या घाईत असलेले न्यायाधीशसुद्धा अशा वेळी मान वर करून फाइल उघडतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

ज्युनियर येतो हा गुन्हा नाही. मीही ज्युनियर होते. तो फाइल वाचून येतो का आणि समोरच्याने मुदत मागितली की हरकत घेतो का, एवढंच बघा. नुसता 'पुढची तारीख' लिहून घ्यायला येत असेल तर वरिष्ठांना कॉरिडॉरमध्ये गाठू नका, ऑफिसात वेळ घेऊन भेटा, वही पुढे ठेवा आणि विचारा, हा अर्ज युक्तिवादाला कधी लागेल, आपल्याकडून काय बाकी आहे, आणि त्या दिवशी तुम्ही स्वतः उभे राहाल का. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतला आहे, हे मुदतीचं कारण होऊ शकत नाही, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत लिहिलेलं आहे. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटलं होतं, की खोटी कारणं देऊन वारंवार तारखा मागणं हे वकिलाचं व्यावसायिक गैरवर्तन ठरू शकतं. हे त्यांच्या तोंडावर फेकायची गरज नाही. तुम्हाला ठाऊक असलं की पुरे.

भेटीनंतरही फरक पडला नाही तर बदला, पण वेळ साधून. तारीख पडली की त्याच आठवड्यात नवा वकील गाठा, म्हणजे त्याला फाइल वाचायला अवधी मिळेल. तारखेच्या आदल्या दिवशी वकीलपत्र दिलंत, तर नव्या वकिलाचा पहिला अर्ज मुदतीचाच असणार, आणि ती तारीख रोजनाम्यात तुमच्या नावावर जाईल. जुन्या वकिलांची ना-हरकत घ्यायची रीत आहे. ते उरलेल्या फीसाठी कागद अडवत असतील तर नम्रपणे सांगा, की फी बाकी आहे म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००० सालचा निकाल आहे. फीचा वाद वेगळा, कागद वेगळे.

आणि नव्या वकिलाची फी कुठून आणायची, या विचाराने अडून बसू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ खाली कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते. तिथला वकील चांगला मिळेल याची हमी मी देत नाही. पण फी दिलेल्या वकिलाचीही तशी हमी नव्हती, हे तुमच्याच पत्रात आहे. नेमलेला वकील काम करत नसेल तर बदलून मागता येतो.

एसटीचं राहिलं. दर तारखेला तुम्ही हजर असायलाच हवं असं नाही. प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे ते ॲपवर बघा, आदल्या संध्याकाळी वकिलांच्या क्लार्कला फोन करा. नुसती समोरच्याच्या उत्तराची तारीख असेल तर गैरहजेरी माफीचा अर्ज देता येतो, व्हिडिओवरून हजर राहायची परवानगीही मागता येते. समुपदेशन, पुरावा आणि युक्तिवाद या दिवशी मात्र जाच.

प्रश्न : मी सरकारी नोकर आहे. २०२२ पासून पत्नी वेगळी राहते. दर महिन्याला पंधरा हजार रोख सासऱ्यांच्या हातात देतो, मुलीची फीही मीच भरतो. पत्नीने आधी घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली अर्ज केला आणि यंदा पोटगीचा वेगळा. दोन्हीकडे पैसे द्यावे लागतील का? माझे वकील म्हणतात, शपथपत्र लांबवू या, तेवढेच महिने वाचतील.
— एक वाचक, नगर

उत्तर : एकही महिना वाचणार नाही. वरचं उत्तर वाचा, तीच थकबाकी तुमच्या अंगावर एकरकमी येईल. सरकारी पगार लपत नाही, मग शपथपत्र लांबवून काय लपवायचंय?

रोख देणं आजपासून बंद. सासरे उद्या 'मिळाले नाहीत' म्हणाले तर तीन वर्षांचे पैसे दिल्याचं तुम्ही कशाने दाखवणार? रक्कम पत्नीच्या खात्यात थेट भरा, त्यात 'पोटगी' आणि महिना लिहा. आधी दिलेल्या रोख रकमेसाठी खात्यातून पैसे काढल्याचे उतारे, सासऱ्यांशी झालेले मेसेज, फीच्या पावत्या गोळा करा. सगळं सिद्ध होईलच असं नाही, पण काही तरी उभं राहील.

एकाच गरजेसाठी दोनदा पूर्ण पोटगी द्यावी लागत नाही. आधीच्या प्रकरणात काय मागितलं आणि काय हुकूम झाला, हे सांगायचं बंधन अर्जदारावर आहे, आणि नंतरच्या न्यायालयाने ती रक्कम वजा धरायची, हेही 'रजनेश'मध्येच सांगितलं आहे. मात्र ते न्यायालयाच्या नजरेला आणायचं काम तुमच्या वकिलांचं. पहिल्या हुकमाची प्रमाणित प्रत दुसऱ्या प्रकरणात लगेच दाखल करा. 'तिथे देतोय म्हणून इथे हजरच राहणार नाही' असं केलंत, तर एकतर्फी हुकूम होतो.

पगारातून काय वजा धरतात तेही सांगते, कारण इथे पुरुषांचा नेहमी गैरसमज असतो. प्राप्तिकर आणि सक्तीच्या कपाती धरल्या जातात. वेगळं झाल्यावर काढलेलं गृहकर्ज, सोसायटीचा हप्ता, वाढवून घेतलेला भविष्यनिर्वाह निधी यांना न्यायालय सहसा भाव देत नाही. आई-वडील खरोखर तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांच्या औषधांच्या पावत्या जोडा, ते विचारात घेतलं जातं.

यंदाचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली असेल. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या पोटगीच्या कलम १२५ च्या जागी ते आलं. त्याखालचा हुकूम मोडला तर वॉरंट निघतं आणि एकेका महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. सरकारी नोकराला याचा अर्थ मी वेगळा समजावून सांगायला नको. (आणि पोटगी मिळणाऱ्या वाचकांनी इकडे लक्ष द्या. या कलमाखाली वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. 'देईल आज ना उद्या' म्हणत बसलात तर ही वाट बंद होते.)

हुकमाची रक्कम जास्त वाटली तर अंतरिम हुकमावर कौटुंबिक न्यायालय कायद्याखाली अपील नसतं, उच्च न्यायालयात जावं लागतं. तिथे पहिला प्रश्न येतो, आतापर्यंत किती भरलेत? उत्तर 'काहीच नाही' असेल तर पुढचं फारसं ऐकलं जात नाही.

प्रश्न : माझ्या मुलीचा घटस्फोट २०२१ मध्ये न्यायालयातून झाला. तेव्हा तिला नोकरी होती म्हणून कायमची पोटगी मागितली नाही. आता तिची तब्येत बिघडून नोकरी सुटली आहे. वेळ निघून गेली का?
— एक वडील, अमरावती

उत्तर : नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ प्रमाणे कायमची पोटगी निकालाच्या वेळी किंवा त्यानंतर केव्हाही मागता येते. दोन गोष्टी आधी तपासा. एक, तिने पुन्हा लग्न केलेलं नाही ना. दोन, घटस्फोट संमतीने झाला असेल तर तडजोडीच्या अटींत 'पुढे पोटगी मागणार नाही' असं लिहून सही केली आहे का. तसं असेल तर प्रकरण अवघड होतं, पण ते वाक्य नेमकं कसं लिहिलंय त्यावर बरंच ठरतं, तेव्हा वकिलांना तो कागद दाखवल्याशिवाय आशा सोडू नका. हुकूमनाम्याची आणि अटींची प्रमाणित प्रत नक्कल विभागातून काढा, डॉक्टरांचे कागद आणि नोकरी सुटल्याचं पत्र जोडा, आणि मुलीने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. तिच्या वतीने तुम्ही केलेला चालणार नाही.